रोहिदासचं गंभीर काम

भिवपुरीच्या वीजकेंद्रात वायरमन असलेला रोहिदास हौसेनं नाटकात काम करायचा, आणि त्या कामावर लोक काय बोलतात हे त्याला सांगायची जबाबदारी त्याच्या बायकोची, वनिताची. त्याच्याबद्दल पेपरात रोज थोडंच छापून येणार होतं! खालापूरकडच्या एखाद्या गावचा उत्सव असो नाहीतर कर्जतातला प्रयोग, ती बायकांच्या घोळक्यात मधोमध बसायची, कान टवकारून. घरी आल्यावर तोंडाचा रंग पुसत तो विचारायचा, "काय बोलल्या गं?" ती शब्दन् शब्द सांगायची. पदरचं काही घालायची नाही, की कमीही करायची नाही.

लग्न झालं त्या वर्षी तो अजून स्त्रीपार्ट करत होता. बायका म्हणाल्या, हिच्यापेक्षा हाच बरा लुगडं नेसतो. वनिता दोन दिवस फुगून बसली, पण तिनं सांगितलं. पुढे मिशा लावून तो खलनायक झाला, तेव्हा सोनुबाई नावाच्या म्हातारीनं भर प्रयोगात उभं राहून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. ते ऐकून गड्याला आनंदानं घास उतरेना. मग एका नाटकात घरगड्याचं विनोदी काम वाट्याला आलं आणि तिथंच घात झाला. त्याच्यावर खूश झालेल्यांची बक्षिसं माइकवरून पुकारायला प्रयोग तीनदा थांबवावा लागला. तेव्हापासून तो नुसता रंगमंचावर आला की लोक हसायला मोकळे.

राजा झाला, हसले. पोरगा गेलेला बाप झाला, प्रेत पुढ्यात ठेवलेलं, तरी मागच्या रांगेतून खसखस पिकली. कर्जतातल्या एका साप्ताहिकानं वर लिहिलं, 'रोहिदास यांनी प्रेक्षकांना पोट धरून हसवले.' अरे, काय डोळे होते की बटाटे! त्यानं तो कागद टराटरा फाडला.

"एकदा तरी माज्या कामाला लोक गप बसले पायजेत," तो म्हणायचा. दुसरं काही मागणं नव्हतं त्याचं. आणि त्याचं तेच वनिताचं.

निवृत्तीनंतर तालुक्याच्या हौशी स्पर्धेसाठी त्यांच्या मंडळाच्या जगदीशनं नाटक बसवलं आणि पोरांनी वाऱ्यावर सोडलेल्या म्हाताऱ्या गुरुजींचं काम रोहिदासला दिलं. भिसेगावच्या घरात दीड महिना वनितानं त्याचं पाठांतर करून घेतलं. वही तिच्या हातात. ओळ चुकली की ती थांबवायची. तो कुठं थांबतो, कुठं खोकतो, सगळं तिला तोंडपाठ झालं.

प्रयोग दुपारी चारचा. पहिल्या अंकात लोक हसलेच. गुरुजी चष्मा शोधतात तर हशा, गुरुजी पाणी मागतात तर हशा.

दुसऱ्या अंकात गुरुजी मुलाचं पत्र वाचतात. तिथं रोहिदासची जीभ अडखळली. ओळ अर्धीच राहिली. उजवा हात मांडीवरून खाली पडला आणि ओठाचा कोपरा लोंबला. वनिताला त्या क्षणी कळलं. यातलं काहीही वहीत नव्हतं.

ती उठायला गेली, आणि तिच्या लक्षात आलं की सगळं सभागृह चिडीचूप झालंय. शेजारची बाई पदरानं डोळे पुसत होती. मागून खोकल्याचासुद्धा आवाज नाही. तीस-पस्तीस वर्षांत जे झालं नव्हतं ते होत होतं. वनिता परत खाली बसली. थोडंसंच अजून, असं ती मनाशी म्हणाली. आयत्या वेळी त्यानंच काही नवं घातलं असेल, असंही तिनं स्वतःला समजावलं. ते खोटं होतं आणि ते तिला ठाऊक होतं. शेजारणीचं काम करणाऱ्या रूपालीनं त्याची वाक्यं आपणच बोलून प्रवेश रेटला. वीस मिनिटांनी पडदा पडला. टाळ्या थांबता थांबेनात, आणि पडद्यामागे रोहिदास खुर्चीत कलंडला होता.

पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, अशा दुखण्यात एकेक मिनिट मोलाचं असतं.

आठवड्यानं जगदीश साप्ताहिक घेऊन आला. 'अर्धांगवायूचा प्रसंग रोहिदास यांनी अंगावर काटा येईल असा उभा केला. त्यांच्या कारकिर्दीतले सर्वोत्तम काम.' बातमीदार मेला पडदा पडताच उठून गेला असणार. वनितानं ते रोहिदासला वाचून दाखवलं. त्यानं डाव्या हातानं खुणावलं, परत वाच. मग रोजच वाचायला लावायचा. आणि रोज ती वाचायची.

एका दुपारी त्याला पेज भरवताना तिला ते असह्य झालं.

"मला कळलं होतं वो," ती म्हणाली. "तुमचा हात पडला तेवाच कळलं. तरी मी बसून रायले. पडदा पडेपर्यंत."

त्यानं वाटी उडवावी, निदान तोंड फिरवावं, म्हणून ती थांबली. बऱ्याच वेळानं त्याची जीभ वळली.

"कोन... हसलं?"

"कोन नाय."

त्याच्या तोंडाची चालती बाजू हसली. त्यानं डाव्या हातानं तिचा हात थोपटला, शाबासकी दिल्यासारखा. वनितानं त्याच्या हनुवटीवरची पेज पुसली आणि पुढचा चमचा भरला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तिला झोप तरी लागली असती.