चौसष्टचे सेहेचाळीस

माझे पपा, बॅप्टिस्ट, फोर्टमधल्या एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत सव्वीस वर्षं कारकून होते. परदेशातून आलेला माल गोदीतून सोडवायचा तर कोणता कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा, हे त्यांना तोंडपाठ. आमच्या पापडी गावात कुणाचा मुलगा आखातातून टेपरेकॉर्डर घेऊन यायचा असला, तरी घरचे आधी पपांना विचारून जात. पपांची चूक सहसा होत नसे. झाली तेव्हा त्यांना ती कबूल करता आली नाही.

काशीराम हे आगाशीचे बागायतदार, पपांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांच्याकडे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवत आणि सुकेळी करत. दोन दिवस आभाळ आलं की खेप काळी पडायची. १९७८ साली पपांना कचेरीत एका जर्मन कंपनीचं कॅटलॉग मिळालं. त्यात विजेवर फळं सुकवणारी लोखंडी पेटी होती. पपा त्याच रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आगाशीला गेले.

"पावसाळ्यातही सुकेळी होतील," ते म्हणाले. "कागदपत्रं माझ्यावर सोड."

काशीरामकाका घरोघर फिरले. पेटीसाठी पैसे घालून अकरा घरांचा संघ झाला. केळी जास्त लागणार म्हणून त्या लोकांनी आपल्या पानवेली उपटल्या आणि तिथे राजेळी लावली. वर्षभर विड्याची पानं आणि पैसा देणारी पानवेल उपटणं म्हणजे काय, ते वाडीवाल्यालाच कळतं. पण काशीरामकाकांचा शब्द होता, आणि त्यांच्यामागे पपांचा.

आयात परवान्याचा अर्ज पपांनी स्वतः टाइप केला. अशी पेटी देशात बनत नाही याचा दाखला, तिला किती व्होल्ट लागतात, सगळं जोडलं. परवानाही आला. जानेवारीत पेटी गोदीत उतरली. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने पेटीवरची पट्टी वाचली, कंपनीचा चाचणीचा दाखला वाचला, आणि परवाना पुढे केला.

"पेटीवर मॉडेल चौसष्ट आहे, दाखल्यावरही चौसष्ट. परवाना सेहेचाळीसचा. मी सोडू कशी?"

पपा कचेरीत परत आले आणि त्यांनी अर्जाची नक्कल काढली. आकडे त्यांच्याच हातून उलटे पडले होते.

उपाय त्यांना ठाऊक होता. "टाइप करताना माझी चूक झाली" असं प्रतिज्ञापत्र करायचं आणि परवान्यावर दुरुस्ती घ्यायची. दोन, फार तर तीन आठवडे. पण त्या पत्रावर कचेरीच्या मालकाची सही लागणार होती. त्याच वर्षी हेडक्लार्कची जागा रिकामी होणार होती. पपांनी अर्जाची नक्कल परत फाइलीत ठेवली आणि कंपनीलाच पत्र लिहिलं : आकड्यातल्या फरकाचा खुलासा करावा.

खुलासा काय येणार? महिन्याने उत्तर आलं, सेहेचाळीस नंबरचं मॉडेल आम्ही कधी बनवलेलंच नाही. पपांनी उलट पत्र धाडलं. काशीरामकाका दर आठवड्याला पापडीला येत, ओट्यावर बसत.

"काय म्हणतात रे ते जर्मन?"

"त्यांच्याकडूनच घोळ झालाय," पपा म्हणत. मी तेव्हा अकरावीत होते. पपा हे बोलताना काकांकडे बघत नसत, एवढं मला आठवतं.

शेवटी कंपनीच्या पत्रांच्या आधारावर, चूक कुणाची ते न लिहिता, परवान्यावर दुरुस्ती झाली ती जुलैत. तोवर खोका गोदीच्या शेडमध्ये ओल धरून बसला होता. आगाशीला पेटी उतरवली तेव्हा काशीरामकाकांच्या बायकोने, बायजाकाकूंनी, तिला कुंकू लावलं. वीज खात्याचा तपासनीस आला, त्याने यंत्र लावून पाहिलं आणि मान हलवली.

"करंट पत्र्यात उतरतोय. हात लावला तर माणूस जाईल. जोडणी देता येणार नाही."

त्याचं बरोबरच होतं. आतल्या हीटरच्या नळ्या बदलायला हव्या होत्या, आणि नळ्या आणायच्या तर नवा परवाना. तेवढी उमेद कुणातच उरली नव्हती. पुढच्या पावसात नव्या बागांतले घड पिकले आणि म्हशींपुढे गेले. लोक काशीरामकाकांना टाकून बोलले. काका गावच्या देवाच्या पालखीला जायचे थांबले, मग पापडीला यायचेही. पपा हेडक्लार्क झाले.

१९८६ साली ते निवृत्त झाले. एका सकाळी मला म्हणाले, "फ्लॉसी, आगाशीला येतेस? एकट्याने जाववत नाही."

काशीरामकाका बागेत पाटाचं पाणी वळवत होते. पपांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काकांनी फावडं खाली ठेवलं.

"तीन आठवड्यांत झालं असतं?"

"झालं असतं."

त्यांनी पायानेच माती लोटून पाटाचं तोंड बुजवलं. "मला सांगून काय होणार, बॅप्टिस्ट? ज्यांनी पानवेली उपटल्या त्यांना सांग."

पपा आणि मी घरोघर गेलो. अकरापैकी तीन घरांनी वाडी विकली होती. तिथे आता इमारतींचे पाये खणले होते. दोन म्हातारे वारले होते. श्रीपत म्हणून एक होते, त्यांनी ऐकून घेतलं आणि आत निघून गेले. शेवटी कृष्णाबाई. त्यांना ऐकू कमी यायचं. पपांना ओरडून सांगावं लागलं, "चूक माझी होती, काशीरामची नव्हती!"

"कुठली चूक?" म्हातारी म्हणाली. "कुठली पेटी?"

पपांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि त्यांचा आवाज चिरकला. मी त्यांना धरून पायरीवर बसवलं. कृष्णाबाईंनी पाण्याचा तांब्या आणला. त्यांना वाटलं, उन्हाने भोवळ आली.

परतताना काशीरामकाका आपल्या वाडीपासून आमच्याबरोबर एसटीच्या थांब्यापर्यंत आले. गाडी येईस्तोवर थांबले. गाडी आली तेव्हा मला म्हणाले, "पपांना खिडकीशी बसव, पोरी," आणि वळून चालू लागले.