पाण्याचा मजकूर आणि कोरी जागा

कुवेतमधल्या फहाहीलच्या आमच्या घरात राहणारे सगळे रत्नागिरीच्या खाडीपट्ट्यातले. दर शुक्रवारी मी हाताने लिहिलेला एक मराठी कागद जेवणाच्या खोलीत भिंतीला लावायचो. कोणाकडे बाळ झालं, मुंबईची बोट कधी निघणार, आणि मधूनमधून माझी मतं. मतांचा मला कधीच तुटवडा नव्हता.

एका उन्हाळ्यात मी पाण्यावर लिहिलं. टँकर आला की चाचांच्या नात्यातली माणसं आधी डबे भरायची आणि मागच्या खोलीच्या वाट्याला तळाचं गढूळ पाणी यायचं. चाचा म्हणजे घरातले वडीलधारे. घर त्यांच्या नावावर होतं आणि निम्म्याहून जास्त लोकांच्या नोकऱ्या त्यांनीच लावल्या होत्या, माझीसुद्धा. मागच्या खोलीत एकाला मूतखडा होता. डॉक्टर म्हणायचे भरपूर पाणी पी, आणि तो बिचारा पुरवून पुरवून प्यायचा. मला संताप होता तो या गोष्टीचा.

चाचांनी मजकूर वाचला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "ता पाण्याचा काढून टाक. बाकीचा ऱ्हवू दे."

तेल कंपनीच्या ऑफिसात मी टायपिस्ट होतो. तिथे नकाशे काढणारा एक चेक साहेब होता. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तो प्रागच्या एका दैनिकात उपसंपादक होता. चहाच्या सुट्टीत मी त्याच्यापुढे माझं रडगाणं गायलं, तर तो चक्क खूश झाला. त्यांच्याकडे प्रत्येक पक्षाचा आपापला पेपर असे, कॉफीच्या दुकानात एकाच टेबलावर सगळे पेपर पडलेले असत आणि लोक ते वाचून मनसोक्त भांडत. सरकारने एखादा मजकूर कापला की संपादक तिथे दुसरं काही भरत नसत, जागा कोरीच सोडत. मग एखादा खासदार तोच मजकूर संसदेत प्रश्न म्हणून मांडी. संसदेत मांडलेलं छापायला आडकाठी नसे, त्यामुळे कापलेला मजकूर पुन्हा उजळ माथ्याने पेपरात येई.

मला आणखी काय हवं होतं? त्या शुक्रवारी मी कागदाच्या मधोमध कोरी जागा सोडली. माझ्या मतांपुढे लोक कधी उभे राहिले नव्हते तेवढे त्या जागेपुढे राहिले. कागद फुकट घालवला म्हणून चाचांनी मला झापलं आणि तिथे ईद मुबारक लिहायला सांगितलं. ईद अजून लांब होती, जागा कोरीच ठेवायला तेवढं निमित्त मला पुरलं.

महिन्यातून एकदा घराची सभा भरायची, अध्यक्ष अर्थात चाचा. सभेत जे बोललं जाईल ते जसंच्या तसं लिहायचं, खाली अध्यक्षांनी सही करायची आणि भिंतीला लावायचं. गावच्या जमातीतला हा नियम चाचांनीच इथे आणला होता. त्या सभेत मूतखडावाला उठला आणि मी त्याला आधीच देऊन ठेवलेला पाण्याचा मजकूर वाचू लागला. त्याचा आवाज स्वच्छ होता. चाचा माझ्याकडे बघत होते आणि मी मान खाली घालून इमानेइतबारे लिहून घेत होतो.

वाचून झाल्यावर चाचांनी मी लिहिलेला कागद पुढे ओढला. मग त्यांनी पेन मागितलं आणि सही केली. पुढच्या टँकरला मागच्या खोलीचे डबे आधी भरले. मला आकाश ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी साहेबाला सगळं रंगवून सांगितलं. तो पोट धरून हसला. मग त्याने विचारलं, वाचणाऱ्याला मधेच खाली बसवणं कोणाच्या हातात होतं? मी म्हटलं, चाचांच्या. नुसता हात वर केला असता तरी पुरलं असतं.

"आमच्याकडे शेवटी संसदच बंद झाली," तो म्हणाला. "मग कोरी जागा सोडायलाही बंदी आली. पेपर अगदी भरगच्च निघायचे."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा चाचा अंगणात टाकीजवळ बसले होते. मी त्यांना सलाम केला. रोजच करायचो, पण त्या दिवशी मनापासून केला.