डाव्या बाणावरचा फ्लेक्स

फलटणला आमच्या चौकात सिग्नल बसला, तेव्हा लाल-हिरवं सगळ्यांना कळलं. कळला नाही तो खाली वेगळा बसवलेला डावा बाण. सरळ जायला हिरवा असतानाही तो लाल असतो, कारण त्याच वेळी डावीकडचा रस्ता माणसं ओलांडत असतात. पण डावीकडे वळायला परवानगी कसली घ्यायची, असं इथले बरेच गाडीवाले मानतात. निम्मे थांबायचे आणि निम्मे त्यांच्या मागे हॉर्न बडवायचे. माझं स्टेशनरीचं दुकान त्याच कोपऱ्यावर आहे, त्यामुळे हा तमाशा मला रोज फुकटात.

त्या चौकातले फ्लेक्स चढवायचा तो यासीन. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाचं पुण्यस्मरण, माणूस हाच. अंगानं काटकुळा, खांद्यावर बांबूची शिडी, कमरेला पक्कड आणि तारेचं भेंडोळं. खांबावर सरसर चढायचा. बोलणं कमी. कुणाला नाही म्हणणं त्याला जमतच नसे, आणि त्याच्या या मऊपणाची मला भारी चीड यायची.

परवा तरुण मंडळाच्या विश्वजितचा वाढदिवस होता. त्याचा उजवा हात म्हणजे जयराज. "सिग्नलच्या खांबालाच बांधा, समद्यांना दिसला पायजे," असं त्यानं सांगितलं आणि यासीननं आदल्या रात्री फ्लेक्स बांधला. विश्वजितचा भलामोठा चेहरा, गळ्यात हार आणि हाराच्या मागं डावा बाण पुरता झाकलेला. बांधताना ते ना यासीनच्या ध्यानात आलं ना आमच्या.

वाढदिवसाच्या सकाळी मेथी विकणारी हरणाबाई डोक्यावर पाटी घेऊन रस्ता ओलांडायला निघाली. पायी चालणाऱ्यांचा दिवा हिरवा होता. समोर सरळ जायचा हिरवा दिवा बघून एक दुचाकीवाला भरधाव डावीकडे वळला. पाटी एकीकडे, म्हातारी एकीकडे. आम्ही तिला उचलून माझ्या पायरीवर बसवलं. कोपर सोललं होतं.

"माझं हिरवं हुतं की रं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"आजी, मला बी हिरवाच दिसला," दुचाकीवाला पोरगा रडकुंडीला आला होता.

यासीन तिथंच चहा पीत होता. त्यानं वर खांबाकडे बघितलं आणि कप तसाच खाली ठेवला. पलीकडची मुलींची सकाळची शाळा आता सुटणार होती. त्याची आयेशा रोज इथूनच रस्ता ओलांडते. पाचवीतली पोर. हिरवा दिसल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि हिरवा दिसला की घाबरायचं नाही, हे तिला यासीननंच शिकवलेलं.

त्यानं शिडी खांबाला लावली, तोच जयराज पोरं घेऊन आडवा आला.

"यासीनभाई, हात लावू नका. विश्वजितदादा फोटो काढायला येत्यात. मग काढा."

"मागं बाण हाय. म्हातारी मरता मरता वाचली."

"आवं, घटकाभरात काय हुतंय? तसं बी त्या बाणाकडं कोण बघतंय?"

मला वाटलं, संपलं, आता हा मान हलवून परत येणार. तेवढ्यात शाळेची घंटा झाली.

यासीन चढला. जयराजनं खालून शिडी गदागदा हलवली, तरी चढला. तारा सोडत बसायला वेळ नव्हता. त्यानं कटर काढून फ्लेक्स उभा फाडला. विश्वजितचा अर्धा चेहरा वाऱ्यावर लोंबू लागला आणि मागचा बाण दिसला. लाल.

तरीही गाड्या वळतच होत्या. एक रिक्षा गेली, तिच्यामागं जीप गेली. बाण डोळ्यांसमोर असून कुणी ब्रेकला पाय लावेना. मुली फाटकातून बाहेर पडून रस्त्याच्या कडेला आल्या होत्या, आणि त्यांचा दिवा हिरवा होता. मी दुकानातून नुसताच ओरडत होतो.

यासीन धडपडत उतरला. जयराजला खांद्यानं बाजूला ढकलून त्यानं शिडी उचलली, डावीकडच्या रस्त्याच्या तोंडाशी आडवी टाकली आणि तिच्यापुढे स्वतः उभा राहिला. वळता वळता एक पांढरी गाडी त्याच्या गुडघ्यापाशी करकचून थांबली. आत हार घातलेला विश्वजित होता.

"दादांची गाडी हाय ती! शिडी घ्या बाजूला," जयराज धावत आला.

"न्हाई," यासीन म्हणाला.

इतक्या वर्षांत हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आवाज कापत होता, पण माणूस जागचा हलला नाही. हॉर्न वाजत राहिला. मुली त्याच्या पाठीमागून रस्ता ओलांडू लागल्या. आयेशाही निघाली, मैत्रिणीचा हात धरून. बाप तिथं उभा आहे हे तिच्या लक्षातही आलं नाही. ती दिव्याकडे बघत चालली होती.