राऊतबाईंचा तिसरा रकाना

अ‍ॅड. सुमती राऊत यांनी मला गप्प बसवले, तिथून आमची ओळख सुरू झाली. माणिकपूरला रिक्षा स्टँडसमोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर त्यांचे कार्यालय आहे. माझा धाकटा भाऊ इनास सायकलवरून बाजाराला केळीची पाने घेऊन जात असताना पाण्याच्या टँकरखाली आला होता. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याला पाच महिने झाले होते, आणि मी टँकरमालकाला, ड्रायव्हरला, रस्त्याला आणि थोडेफार देवालाही नावे ठेवत बाईंसमोर बसले होते. बाईंनी ऐकून घेतले आणि एक कागद पुढे सरकवला. त्यावर पेनाने तीन रकाने आखलेले होते: स्वतः पाहिले, स्वतः ऐकले, दुसऱ्याने सांगितले.

"ताई, हे सगळे यात लिहा. मग बोलू."

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेलेली मी. मला असे कोणी तोडले नव्हते. रागारागाने लिहायला बसले. अर्ध्या तासाने पाहते तर पहिले दोन रकाने जवळजवळ कोरे आणि तिसरा काठोकाठ भरलेला.

मग मी पर्समधून एक झेरॉक्स काढली. तिची मला आजही लाज वाटते. अपघातानंतर चौथ्या दिवशी टँकरमालक इस्पितळात आला, सोबत ड्रायव्हरच्या म्हाताऱ्या आईला घेऊन. तिने माझ्या वहिनीचे, मोनिकाचे, पाय धरले. ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ चालू होता. आम्ही सांडोरची ख्रिस्ती माणसे. त्या दिवसांत दारात रडत आलेल्याला माफी नाकारणे आमच्याने होत नाही. आम्ही माफ केले. मालक म्हणाला, "पायाचं सगळं मी बघतो, फक्त चार ओळी लिहून द्या." कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घडवलेल्या माझ्या अक्षराचा मला फार अभिमान. मीच लिहिले: आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. शेवटचे वाक्य मालकाने सांगितले, तेही मी तितक्याच वळणदार अक्षरात लिहिले: सायकल अचानक आडवी आली. औषधांच्या गुंगीत असलेल्या इनासचा अंगठा मीच धरून उमटवला. महिन्याभरात मालकाने फोन उचलणे बंद केले.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. मी विचारले, "आता दावा करता येईल का?"

"येईल. माफी तुम्ही ड्रायव्हरला दिलीत, विमा कंपनीला नाही. पण हे शेवटचे वाक्य आपल्याला छळणार. आणि दाव्याची मुदत सहा महिन्यांची, त्यातले पाच तुम्ही घालवलेत."

"भरपाई किती मिळेल?"

"ते मी सांगणार नाही. पहिल्या भेटीत आकडा सांगणाऱ्या वकिलाकडे चहासुद्धा पिऊ नका."

इस्पितळातच एक दलाल कोऱ्या वकीलपत्रावर सही मागायला आला होता, हे मी सांगितले. बाई म्हणाल्या, "केली नाहीत ना? तेवढे एक शहाणपण केलेत." शेजारच्या खुर्चीतली अनोळखी बाई हसली. मला हसू आले नाही.

इनासला जिना चढता येत नव्हता. तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या राऊतबाई कठडा धरत खाली आल्या आणि उभ्या रिक्षात त्याच्या शेजारी बसून तासभर त्याची हकिकत लिहून घेतली. रिक्षावाला कुरकुरला तेव्हा म्हणाल्या, "अहो, तुम्हीही गाडी चालवता. ऐका, उपयोगी पडेल." नंतर तोही मान मागे वळवून ऐकत राहिला.

अपघात पाहिलेले माणूस त्यांनीच शोधले. त्या वेळी रस्त्याकडेला टोपली घेऊन मासेवाली उभी होती, एवढेच इनासला आठवत होते. बाई तीन सकाळी मला सोबत घेऊन पाचूबंदरला मासळीच्या लिलावात जाऊन उभ्या राहिल्या, चिखलात, चपला हातात घेऊन. तिसऱ्या दिवशी हिराबाई भेटल्या. "पायलंय मी," त्या म्हणाल्या, "टँकर पानी सांडत आला आनि त्याला डावीकडं दाबला. सायकल सरल होती. पन मला कोन इचारतंय?" पाच महिन्यांत त्यांना खरोखरच कोणी विचारले नव्हते.

साक्षीची वेळ आली तेव्हा नातेवाइकांनी मला पढवले, कागद दबावाखाली लिहून घेतला म्हणून सांग. मी तेच बाईंना म्हणाले. त्यांनी चष्मा काढला.

"दबाव होता का?"

"नाही. रडणे होते."

"मग रडणेच सांगायचे. खोटे सांगायचे असेल तर वकीलपत्र घेऊन दुसरीकडे जा."

कोर्टात विमा कंपनीच्या वकिलांनी कागद माझ्यासमोर धरला. "हे अक्षर कोणाचे?"

"माझे."

"सायकल आडवी आली, असे तुम्हीच लिहिले आहे."

"लिहिले आहे. पाहिलेले नाही. मी तेव्हा घरी भाजी चिरत होते. ते वाक्य मालकाने सांगितले आणि मी मूर्खासारखे उतरवून घेतले."

उभ्या आयुष्यात इतक्या लोकांसमोर मी स्वतःला मूर्ख म्हटले नव्हते. राऊतबाई खाली मान घालून कागद चाळत होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

निकालात एक वाक्य आले: सायकलस्वाराचा दोष दिसत नाही. इनासने ते मला दोनदा वाचायला लावले. "बाय, परत वाच. आडवी आली, ते तुझ्याच अक्षरात होतं." मोनिका म्हणाली, "पाय थोडाच परत येणार आहे?" बाईंनी तिला समजावले नाही. जवळ बसून राहिल्या. विमा कंपनीने अपील केले आहे. इनास वाडीत स्टुलावर बसून दुसऱ्यांना केळीची पाने कापताना पाहतो.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या गौरवसमितीने मला त्यांच्यावर गोड लिहायला सांगितले होते. बाईंनी गोड बोलून कोणाचे समाधान केलेले मी पाहिले नाही, म्हणून मलाही ते जमले नाही. हा लेख लिहिण्याआधी मी तीन रकाने आखले. अपघात सोडला तर वर आहे ते सगळे पहिल्या दोनांतले. तिसऱ्यात तेवढा अपघातच आहे.

बाईंना पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे. त्यांचे गुडघे दुखतात, पण त्या कबूल करत नाहीत. अपिलाचा निकाल कधी लागेल ते कोणी सांगू शकत नाही. तो लागेपर्यंत आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे देवाने त्यांना धडधाकट ठेवावे. त्या निकालाचा कागद हातात घेऊन त्यांनी पुन्हा एकदा कार्यालयाचा जिना उतरावा. खाली रिक्षात आम्ही दोघे वाट पाहत असू.