सहावा सुरुंग

बाळांनो, जळगावला आमच्या चर्चच्या आवारात विहीर खोदत होते, तेव्हाची ही गोष्ट. सुरुंग लावणारा माणूस दोंडाईच्याकडचा होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक बार झाला की तो एकेक बोट मिटत असे. त्या दुपारी त्याने सहा वाती पेटवल्या आणि बार पाचच झाले.

बराच वेळ सगळ्यांनी दूर उभं राहून सहाव्या बाराची वाट पाहिली. न फुटलेल्या सुरुंगात पाणी ओतून तो निकामी करायला कुणीतरी खाली उतरायलाच हवं होतं.

त्याचा जोडीदार म्हणाला, "भाऊ, माले जाऊ दे."

"तू चूप बैठ."

मी म्हणाले, "राहू द्या हो. विहीर नाही झाली तरी चालेल."

"अक्का, बत्ती मी दिधी, मंग मीच उतरसू," असं म्हणून त्याने कमरेला दोर बांधला.

दोर खाली सरकत होता आणि मला प्रार्थनेचे शब्द आठवेनात. आदल्याच रविवारी मी संडे स्कूलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानातून शिकवलं होतं, की लांडगा दिसताच मोलकरी, म्हणजे मजुरीवर ठेवलेला मेंढपाळ, मेंढरं टाकून पळतो. हा तर रोजंदारीवरचा माणूस होता.

तो चिखलाने माखून वर आला आणि त्याने प्यायला पाणी मागितलं.

पुढच्या रविवारी मी तोच धडा पुन्हा घेतला. मोलाने आलेला प्रत्येक जण पळत नाही, हे मला मुलांना सांगायचं राहिलं होतं.