पेटीवरचं नाव

फ्रान्समध्ये लिमोजला शिकायला येऊन इरियाला तीन आठवडे झाले, तरी वर्गात तिला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. शेवटच्या बाकावर बसून ती फळ्यावरचं तेवढं उतरवून घेई. पोर्तुगालातल्या आईला मात्र रोज फोनवर थापा मारी, "अख्खी इमारत मला ओळखते गं. सारखं जेवायला बोलावतात."

आईने घरचा मुरंबा आणि लोकरी मोजे पाठवले होते, पण टपालाची पेटी रोज रिकामीच. शेवटी इरियाने तळमजल्यावरच्या म्हातारीला विचारलं.

"पेटीवर अजून लाफों लिहिलंय की," म्हातारी म्हणाली. "ती बाई तर जूनमध्येच घर सोडून गेली. तुझं नाव नको लावायला? पोस्टमन काय मनातलं ओळखणार?"

इरियाच्या गावी मजला आणि डावी-उजवी बाजू लिहिली की टपाल पोचतं, पेटीवरचं नाव बघतं कोण? तिने वहीचा कागद फाडला, त्यावर नाव लिहिलं आणि लाफोंवर चिकटवला.

संध्याकाळी आईचा फोन आला. पार्सल परत आलं होतं.

"या नावाचं इथे कुणी नाही, असा शिक्का मारलाय मेल्यांनी. तुला तर सगळे ओळखतात ना?"

"हो."

"मग तुला जेवायला बोलावतात त्यांच्याच नावाने पाठवते. नाव सांग एखादं."

इरियाने बराच वेळ आठवून पाहिलं.

"लाफोंबाई," ती म्हणाली.