विंडो मारून द्या!

मेहकरला बसस्टँडजवळ माझं आणि रफिकचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्याकडे येणारं निम्मं गिऱ्हाईक एकच वाक्य म्हणतं, "भाऊ, विंडो मारून द्या!" म्हणजे मशीनमधलं जुनं सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकून द्या. काम सोपं. पेनड्राइव्ह लावायचा, मशीन त्याच्यावरून चालू, म्हणजे बूट करायचं आणि वाट बघायची. पण तेवढ्या वेळात बाकड्यावर बसलेला माणूस गप्प थोडाच बसतो? चहा येतो, गप्पा निघतात आणि किस्से साठत जातात!

*

खत-बियाण्याच्या दुकानाचे एक शेठ आहेत. ऐन पेरणीत त्यांचा कॉम्प्युटर बसला. बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटांसाठी काउंटरवर ही गर्दी, बिल काही निघेना, शेठ घायकुतीला आलेले. आम्ही दिलेला पेनड्राइव्ह त्यांच्या गल्ल्यात पडलेला होता. मी फोनवर म्हटलं, "शेठ, घाबरू नका. पेनड्राइव्ह लावा आणि त्याच्यावरून बूट करा."

पलीकडे गल्ल्यात खुडबुड.

"लावला का?"

"लावला ना. पण बूट कुठून आणू? म्या तं चपलीवर आलो आज!"

*

कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली, त्या वर्षीची गोष्ट. लोकांनी उभ्या पिकात बकऱ्या सोडल्या होत्या. दुकानात कोणी हसत बोलेना.

अशात रफिक एका गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये अँटीव्हायरस टाकत होता. छाती फुगवून सांगत होता, "आता बिनघोर राहा. व्हायरस याच्या जवळपास फिरकणार नाही!"

बाकड्यावर जानेफळचे एक काका बसले होते. मोबाइलचा चार्जर घ्यायला आलेले. ते हळूच म्हणाले, "बीटीची थैली देताना मलेही अस्संच सांगलं होतं बाप्पा. अळी फिरकणार नाही म्हने!"

रफिकनं माऊस खाली ठेवला. आणि काका स्वतःच असे खदखदून हसले, की त्या महिन्यात पहिल्यांदा आमचं दुकान हसलं.

*

एक गुरुजी लॅपटॉप घेऊन आले, सोबत मॅडम, म्हणजे त्यांच्या बायको. मी नेहमीचं विचारलं, "सर, सी ड्राइव्हमध्ये काही महत्त्वाचं आहे का? सगळं जाईल."

"सीमध्ये काहीच नाही. बिनधास्त उडवा!"

उडवलं. नवी विंडोज आली. गुरुजी कोरा स्क्रीन बघून ताडकन उठले. "माझे लग्नाचे फोटो? इथं समोरच तर ठेवले होते!"

गुरुजींनी सगळं डेस्कटॉपवर ठेवलं होतं. तो सीमध्येच असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बिचारे घामाघूम झाले. त्यांना हसवायला रफिक म्हणाला, "सर, फोटो पाहिजेत तर आता पुन्हा लग्न करा लागते!"

मॅडम बाकड्यावरून म्हणाल्या, "मी तयार आहे. पण या टायमाले पोरगा मी पाहीन!"

फोटो काढले आम्ही परत, बरेचसे. गुरुजी मात्र नंतर कितीतरी दिवस दुकानासमोरून मान खाली घालून जायचे.

*

रफिकचे चाचा ट्रॅक्टर चालवतात आणि ट्रॅक्टरवर गाणी मोठ्यानं लावतात. एकदा रफिक तालुक्यातल्या एका शाळेत मशीन दुरुस्तीला गेला. हेडमास्तर, शिक्षक, पोरं सगळे भोवती गोळा. रफिकनं रुबाबात खिशातून पेनड्राइव्ह काढला, लावला. स्क्रीन काळाच. पुन्हा लावला. काळाच! हेडमास्तर घड्याळ बघू लागले.

रफिकनं घरी फोन लावला. चाचांनी उचलला.

"चाचा, मेरे पेनड्राइव्ह को हात लगाया क्या?"

"हाव बेटा! एक भी गाना नहीं था उसमें. सब कचरा निकाल डाला. अब देख, कैसा साफ है!"

*

आता सुलतानपूरच्या वैशालीचा किस्सा. ही पोरगी आज एका बियाणे कंपनीची टोपी घालून स्कूटीवर गावोगाव फिरते, शेतकऱ्यांना अळीचे सापळे कसे लावायचे ते दाखवते. पण तिच्या मुलाखतीच्या दिवशी सकाळी आम्ही तिच्या घरी होतो, आणि तेव्हा कोणाच्याच तोंडाला चव नव्हती.

त्या साली त्यांची कपाशी अळीनं खाल्ली होती. वैशालीनं शेतीचा डिप्लोमा केलेला. दुपारी कॉम्प्युटरवर व्हिडिओ मुलाखत, त्यातच कॉम्प्युटरचं कामही करून दाखवायचं. आणि कॉम्प्युटर आदल्या दिवशीच बसलेला! तिचे वडील देवराव काका फोनवर एवढंच म्हणाले, "भाऊ, लवकर या. पोरीनं कालपासून घास नाही घेतला."

आम्ही पोचलो तर गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळालेली. लाइट नाही. नुसता पेनड्राइव्ह खिशात ठेवून काय करणार?

काका अंगणात दोन फेऱ्या मारून आले. मग मंडपवाल्याकडून इन्व्हर्टर आणला, ट्रॅक्टर पार दाराशी लावला आणि बॅटरीला वायरी जोडल्या. ट्रॅक्टर चालू, इन्व्हर्टर चालू, मॉनिटर चालू! विंडोज टाकताना काका सीटवरून हलले नाहीत. मध्येच ट्रॅक्टरनं उचकी दिली की आतून वैशाली ओरडायची, "बाबा!" आणि काका रेस वाढवायचे.

काम झालं, कॅमेरा लागला, मोबाइलचं नेट जोडलं. मुलाखत वेळेवर सुरू झाली. आम्ही दाराआड उभे. पोरगी आधी चाचरली, मग बोंडअळीचा विषय निघाला आणि जी सुटली! अळीनं आतून मिटलेली डोंबकळी कशी ओळखायची, हंगाम संपल्यावर कपाशी शेतात राखून फरदड काऊन ठेवायची नाही, सगळं धडाधडा.

तेवढ्यात पलीकडचे साहेब वैतागून म्हणाले, "मॅडम, मागे कसला आवाज येतोय हा?"

"ट्रॅक्टर आहे सर."

"मग बंद करायला सांगा ना तो!"

वैशाली हात जोडून म्हणाली, "सर, तो बंद केला तर तुम्हीपण बंद व्हाल!"